सामना आज कुठे दिसणार? युरोपियन फुटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांची सोपी उकल

ऑगस्ट लागला की पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "यंदा ला लिगा कुठे आहे रे?" ला लिगा म्हणजे स्पेनची सगळ्यात वरची लीग. विचारणाऱ्याचा यात काही दोष नाही. २०१८ पासून तीन हंगाम भारतात ला लिगा फेसबुकवर फुकट दिसायची. २०२१ मध्ये ती व्हायकॉम१८ कडे गेली आणि रिअल माद्रिद-बार्सिलोनाचा सामना चक्क एमटीव्हीवर लागायला लागला. सोबतीला आधी वूट हे ॲप होतं, मग जिओसिनेमा. २०२४ मध्ये जीएक्सआर वर्ल्ड ही सेवा आली, जिचं नाव बऱ्याच जणांनी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. २०२५ पासून ला लिगा फॅनकोड या ॲपवर आहे. आठेक वर्षांत चार घरं बदलली.

दरवेळी नवं ॲप शोधून, पैसे भरून, घरातल्या टीव्हीवर ते चालतंय का हे बघून माणूस कंटाळतो आणि शेवटी टेलिग्रामवरच्या कुठल्यातरी लिंककडे वळतो. मला त्याचं वाईट वाटतं, कारण या सगळ्यामागची व्यवस्था तशी अवघड नाही. ती एकदा समजून घेतली की पुढच्या वर्षी नाव बदललं तरी कुठे शोधायचं ते कळतं.

सामना विकतो कोण?

आपण म्हणतो, "सिटीची मॅच कुठे आहे?" पण मँचेस्टर सिटी आपला लीगचा सामना टीव्हीला विकतच नाही. सामना स्पर्धेच्या मालकीचा असतो. क्लबचं नाव विसरून स्पर्धेचं नाव विचारायचं, ही यातली सगळ्यात महत्त्वाची सवय.

सिटीचंच उदाहरण घेऊ. एका हंगामात हा संघ किमान तीन, बहुतेकदा चार स्पर्धा खेळतो. प्रीमियर लीगचे, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगचे, हक्क प्रीमियर लीग ही संस्था विकते. एफए कपचे हक्क इंग्लंडची फुटबॉल असोसिएशन विकते. लीग कप ईएफएलचा, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या तीन विभागांचा कारभार बघणाऱ्या संस्थेचा. युरोपातल्या अव्वल क्लबांची चॅम्पियन्स लीग विकते यूएफा, म्हणजे युरोपियन फुटबॉलची मुख्य संघटना. संघ एकच, खेळाडू तेच, मैदानही बरेचदा तेच, पण विकणारे चार. चौघांचे करार वेगवेगळ्या वर्षी संपतात आणि चौघंही आपापल्या मर्जीने ग्राहक निवडतात. म्हणूनच शनिवारी जिओहॉटस्टारवर दिसणारा सिटीचा स्ट्रायकर हालँड बुधवारी रात्री तिथे सापडत नाही.

भारतातलं सध्याचं चित्र असं आहे. प्रीमियर लीग २०२५ पासून तीन हंगाम जिओस्टारकडे आहे, म्हणजे टीव्हीवर स्टार स्पोर्ट्स आणि मोबाइलवर जिओहॉटस्टार. चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग आणि कॉन्फरन्स लीग या यूएफाच्या तिन्ही स्पर्धा २०२४ ते २०२७ या काळासाठी सोनीकडे आहेत, म्हणजे सोनी स्पोर्ट्स टेनच्या वाहिन्या आणि सोनी लिव्ह. ला लिगा फॅनकोडवर. त्यामुळे लिव्हरपूल किंवा आर्सेनलच्या चाहत्याला नुसत्या लीगसाठी आणि यूएफाच्या स्पर्धांसाठीच दोन वर्गण्या लागतात. बार्सिलोनावाल्यालाही दोनच, पण त्यातली एक वेगळी. स्पेनमध्ये कोपा देल रेचे, म्हणजे तिथल्या कप स्पर्धेचे, हक्क तर ला लिगाचे नसून स्पेनच्या फुटबॉल महासंघाचे असतात. तेव्हा फॅनकोड घेतलं म्हणजे बार्सिलोनाचे सगळे सामने मिळाले, असं समजू नये.

लीगने सगळ्या क्लबांचे हक्क एकत्र विकायचे, ही पद्धतही सगळीकडे सारखी जुनी नाही. इंग्लंडमध्ये १९९२ साली पहिल्या विभागातले क्लब जुन्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले आणि प्रीमियर लीग सुरू झाली. टीव्हीचा पैसा हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. स्पेनमध्ये मात्र २०१५ पर्यंत प्रत्येक क्लब आपले हक्क स्वतः विकायचा. साहजिकच रिअल आणि बार्सिलोना मालामाल व्हायचे आणि छोट्या क्लबांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडं यायचं. २०१५ मध्ये सरकारने कायदा करून सामूहिक विक्री सक्तीची केली. भारतातल्या कंपनीला संपूर्ण ला लिगा एका करारात घेता येते, ती या पद्धतीमुळे.

मग जगभर एकच ॲप का नाही?

हा प्रश्न मला फार जण विचारतात आणि तो रास्त आहे. इंटरनेट सगळीकडे एकच असताना सामना देशादेशांत का अडवायचा?

कारण हक्क देशवार विकले जातात. लीग निविदा काढते, प्रत्येक देशातल्या किंवा प्रदेशातल्या कंपन्या बोली लावतात, आणि ठरावीक वर्षांसाठी, बहुतेक वेळा तीन, त्या देशापुरता हक्क एखाद्या कंपनीला मिळतो. आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या भाडेकरारासारखंच आहे हे: ॲप हा भाडेकरू, मालक लीग, आणि मुदत संपली की भाडेकरू बदलू शकतो. आपण भाडेकरूचं नाव पाठ करून बसतो, तिथे चूक होते.

देशवार विक्रीत लीगला पैसा जास्त मिळतो. एकट्या ब्रिटनमध्ये स्काय आणि टीएनटी स्पोर्ट्स यांनी २०२५ ते २०२९ या चार हंगामांच्या प्रीमियर लीगसाठी ६.७ अब्ज पौंड मोजायचं कबूल केलं आहे. भारतात एवढा भाव येणं शक्य नाही, म्हणून इथली वर्गणीही त्या मानाने खूप स्वस्त आहे. आता समजा, लंडनमधल्या माणसाला भारतातली स्वस्त वर्गणी घेऊन घरबसल्या सामने बघता आले, तर स्कायला कोण पैसे देईल? ही भिंत त्यासाठी आहे.

ही भिंत एकदा चांगलीच हलली होती. पोर्ट्समथच्या साउथसी भागात कॅरेन मर्फी नावाच्या बाई एक पब चालवायच्या. स्कायचं व्यावसायिक कनेक्शन महाग पडतं म्हणून त्यांनी ग्रीसमधल्या नोव्हा कंपनीचं डिकोडर कार्ड (उपग्रहावरच्या पे वाहिन्या उघडणारं कार्ड) घेतलं आणि पबमध्ये प्रीमियर लीगचे सामने लावायला सुरुवात केली. त्यांच्यावर खटला झाला, दंड झाला. बाई मागे हटल्या नाहीत, लढत लढत प्रकरण युरोपियन न्यायालयापर्यंत गेलं. ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की युरोपियन संघातल्या एका देशाचं कार्ड दुसऱ्या देशात वापरायला सरसकट बंदी घालणं संघाच्या कायद्याला धरून नाही. २०१२ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. त्याच निकालात आणखी एक मुद्दा होता: लीगचं बोधचिन्ह, सुरुवातीचं संगीत, पडद्यावरची ग्राफिक्स यांवर लीगचा कॉपीराइट असल्यामुळे ती पबमध्ये दाखवायला परवानगी लागते. म्हणजे विजय मिळाला, पण अर्धा. एका पबवाल्या बाईने एवढ्या मोठ्या लीगला आपल्या करारांचा फेरविचार करायला लावला, याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

पुण्यात दिसतं, मँचेस्टरमध्ये नाही

इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचा कुठलाही सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला होता. मोठा सामना घरी टीव्हीवर दिसला तर लोक गावातल्या छोट्या क्लबच्या मैदानावर जाणार नाहीत आणि त्या क्लबांचं तिकिटांचं उत्पन्न बुडेल, ही त्यांची भीती. बंदी आजही टिकून आहे.

ती ब्रिटनपुरती आहे. त्यामुळे शनिवारी दुपारी तीनचा सामना मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या, पण तिकीट न मिळालेल्या चाहत्याला घरी बघता येत नाही. कोथरूडमधल्या चाहत्याला मात्र जेवणाच्या ताटावर बसून बघता येतो. प्रीमियर लीगच्या हंगामात ३८० सामने होतात. ब्रिटनमध्ये त्यातले बरेचसे थेट दिसतच नाहीत. आपण दूर आहोत म्हणून आपल्याला कमी मिळतं असं वाटतं, पण या बाबतीत आपली बाजू उजवी आहे.

घड्याळाचा घोळ

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतात. आपलं घड्याळ हलत नाही. म्हणून इंग्लंडमधला दुपारी तीनचा सामना सप्टेंबरमध्ये आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होतो आणि डिसेंबरमध्ये साडेआठला. स्पेन, जर्मनी, इटली इंग्लंडच्या एक तास पुढे आहेत, तेव्हा हिवाळ्यात त्यांच्या वेळेत साडेचार तास मिळवायचे आणि उन्हाळ्यात साडेतीन.

२६ ऑक्टोबर २०२५ चा एल क्लासिको, म्हणजे रिअल माद्रिद-बार्सिलोना सामना, बघा. स्पेनमध्ये सामना दुपारी सव्वाचारला होता. त्याच पहाटे तिकडची घड्याळं मागे गेली होती. आदल्या आठवड्याच्या हिशेबाने पावणेआठला टीव्ही लावणाऱ्याला पुण्यात तासभर थांबावं लागलं असणार, कारण सामना पावणेनऊला सुरू झाला. माद्रिदने तो २-१ असा जिंकला. एवढा मोठा सामना स्पेनमध्ये दुपारी खेळवला जातो, याला आशियातला प्रेक्षक हे एक मोठं कारण आहे. तिकडे रात्री नऊला ठेवला, तर आपल्याकडे दीड वाजतो.

चॅम्पियन्स लीगचं दुखणं नेमकं तेच. मुख्य सामने तिकडे रात्री नऊला, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दीड आणि एरवी साडेबारा. "मंगळवारचा सामना" पुण्यात बुधवारी उजाडतो, त्यामुळे कुठल्याही वेळापत्रकात तारीख भारतीय आहे की युरोपियन, हे आधी बघावं. लवकरचे सामने पावणेसातचे, आपल्याकडे हिवाळ्यात सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी हिंजवडी गाठायची असेल, तर मी तेवढेच बघायला सांगेन. एक चांगली गोष्ट म्हणजे २०२६ पासून फायनल तिकडच्या संध्याकाळी सहाला सुरू करायचं यूएफाने ठरवलं. मेअखेरीचे आपले साडेनऊ, म्हणजे आठवी-नववीतल्या मुलांनाही घरच्यांबरोबर पूर्ण सामना बघता येईल.

टीव्ही की ॲप?

अजून पुष्कळ घरांत केबल किंवा डीटीएच आहे आणि ते सोडायची घाई करू नये. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या २०१९ पासूनच्या नियमांमुळे प्रत्येक पे चॅनेलची किंमत जाहीर असते आणि एकेकटा चॅनेल निवडता येतो. केबलवाल्याने दिलेला भलामोठा पॅक घ्यायलाच पाहिजे असं नाही. त्याला नाव घेऊन सांगा: स्टार स्पोर्ट्स सिलेक्टच्या वाहिन्या आणि सोनी स्पोर्ट्स टेनपैकी फुटबॉल लागतं त्या. एचडी घेत असाल तर त्याच वाहिनीचा साधा अवतार काढून टाका, नाहीतर दोन्हींचे पैसे जातात.

टीव्हीचा फायदा वेळेचा आहे. ॲपवर चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि अडखळू नये म्हणून तुमचा फोन किंवा टीव्ही काही तुकडे साठवून मगच दाखवतो. त्यामुळे ॲप टीव्हीच्या अर्धा मिनिट वगैरे मागे असतं. समोरच्या विंगमधून "गोऽऽल" ऐकू येतो, तेव्हा आपल्याकडे अजून कॉर्नर घ्यायचा असतो.

पण टीव्हीची अडचण जागेची. चॅम्पियन्स लीग २०२४-२५ पासून ३६ संघांची झाली. प्रत्येक संघ पहिल्या टप्प्यात आठ सामने खेळतो आणि सगळे एकाच गुणतक्त्यात असतात. २९ जानेवारी २०२५ ला या टप्प्याच्या शेवटच्या रात्री १८ सामने एकाच वेळी सुरू झाले. एका मैदानावर गोल झाला की दुसऱ्या देशातला संघ तक्त्यात चार जागा घसरत होता. टीव्हीवर वाहिन्या मोजक्या. तुमचा संघ ब्रुज किंवा सेल्टिक असेल, तर टीव्हीवर त्याचा नंबर लागणं कठीण. ॲपवर प्रत्येक सामन्याला स्वतंत्र जागा देता येते. छोट्या संघाच्या चाहत्याने ॲपच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या दिवशी पूर्ण सामना परत बघायची सोयही बहुधा तिथेच मिळते. सकाळी चहाबरोबर बघणार असाल, तर रात्रीच ग्रुप म्यूट करून झोपा.

डेटाचा हिशेब सोपा आहे. चांगल्या एचडी चित्राला सेकंदाला पाच मेगाबिट धरले, तर तासाला सव्वादोन जीबी लागतात. रोजचा दोन जीबीचा मोबाइल पॅक मध्यांतरातच संपतो. घरचं वायफाय हवंच.

परदेशी गेलेल्यांचं काय?

माझा भाचा म्युनिकला शिकायला गेला. पहिल्याच शनिवारी त्याचा फोन. "मामा, पुण्यात घेतलेलं ॲप इथे उघडतच नाही. पैसे तर वर्षाचे भरलेत." त्याचे पैसे बुडाले नव्हते, पण त्याने विकत घेतला होता तो भारतात बघण्याचा परवाना. ॲप तुमच्या इंटरनेट पत्त्यावरून देश ओळखतं आणि त्या देशाचे हक्क कंपनीकडे नसतील, तर सामना लावत नाही.

तिकडे गेल्यावर तिकडचा मालक शोधायचा. जर्मनीत तिथली मुख्य लीग बुंडेसलिगा स्काय आणि डॅझन यांच्यात विभागलेली आहे, प्रीमियर लीग स्कायकडे, चॅम्पियन्स लीग डॅझन आणि ॲमेझॉनकडे. अमेरिकेत प्रीमियर लीग एनबीसी आणि पीकॉकवर, चॅम्पियन्स लीग पॅरामाउंट प्लसवर, ला लिगा ईएसपीएनकडे. दुबई-दोह्यात यातलं बरंचसं बीइन स्पोर्ट्सवर एकाच जागी मिळतं, म्हणून आखाती देशांतल्या आपल्या लोकांची या बाबतीत सगळ्यात कमी धावपळ होते. भाच्याला मी एक गोष्ट आवर्जून सांगितली: एप्रिल २०१८ पासून युरोपियन संघात असा नियम आहे, की एका देशात घेतलेली वर्गणी संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावरही चालली पाहिजे. तो सुट्टीत रोमला गेला तर जर्मन वर्गणी चालेल. पुण्याला आला तर नाही.

व्हीपीएनचा, म्हणजे आपला इंटरनेट पत्ता दुसऱ्या देशातला दाखवता येणाऱ्या सोयीचा, विषय इथे निघतोच. व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही, आपल्या आयटीवाल्यांचं रोजचं काम त्यावर चालतं. पण त्याने देश बदलून सामना बघणं बहुतेक ॲपच्या अटींत बसत नाही आणि ते खातं बंद करू शकतात. ऐन सामन्यात बंद पडलं तर दाद मागायलाही जागा नाही. मी त्या वाटेला जा असं सांगणार नाही.

फुकटची लिंक

चोरीचं प्रक्षेपण किती मोठं होऊ शकतं, हे सौदी अरेबियात दिसलं. २०१७ मध्ये कतारशी संबंध तुटल्यावर तिथे बीआउटक्यू नावाची सेवा उगवली. कतारच्या बीइन स्पोर्ट्सचं चित्र उचलायचं, वर आपलं बोधचिन्ह चिकटवायचं आणि डबे विकायचे. २०१९ पर्यंत हे चाललं. जून २०२० मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या समितीने सौदी अरेबियाने हक्कांचं संरक्षण केलं नाही, असा निष्कर्ष काढला.

आपल्याकडची लिंक याहून कितीतरी लहान, पण धोका आपल्या खिशाला जास्त. "फ्री लाइव्ह फुटबॉल" म्हणून जी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाइल) येते, ती फोनमध्ये टाकताना मेसेज वाचायची परवानगी मागते, आणि बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो. घरातल्या मुलांना हे एकदा फोन हातात घेऊन, ती परवानगीची पाटी दाखवून समजावून सांगा.

सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून फायनल दाखवायची असेल, तर घरगुती वर्गणी त्यासाठी नसते. सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना वेगळा असतो. तिकीट लावणार किंवा प्रायोजक आणणार असाल, तर आधी हक्कदार कंपनीला विचारा.

किती खर्च करावा

पुण्याला युरोपियन फुटबॉल नवं नाही. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी या इथल्या क्लबमध्ये इटलीच्या फिओरेंटिना क्लबची भागीदारी होती आणि युरो २००० च्या फायनलचा गोल्डन गोल (जादा वेळेत सामना तिथेच संपवणारा गोल) मारणारा डेव्हिड ट्रेझेगे बालेवाडीच्या मैदानावर खेळला होता. ज्यांनी तेव्हा स्टँडमधून त्याला पाहिलं, ती मुलं आता कमावती आहेत आणि वर्गणी स्वतः भरतात. त्यांना माझं सांगणं: सगळं घेऊ नका. आपला संघ कुठल्या स्पर्धा खेळतोय ते ऑगस्टमध्ये लिहून काढा. लीगची वर्गणी वर्षभराची घ्या, कारण ती नऊ-दहा महिने चालते. चॅम्पियन्स लीगची मात्र ऑगस्टमध्येच वर्षभराची घेऊ नका, मासिक योजना असेल तर तीच बघा. पहिला टप्पा सप्टेंबरमध्ये सुरू होऊन जानेवारीत संपतो आणि तुमचा संघ तिथेच बाहेर पडू शकतो.

जुलैतले मैत्रीपूर्ण सामने या कशातच येत नाहीत. ते क्लब किंवा दौऱ्याचे आयोजक स्वतः विकतात, म्हणून आधी क्लबची वेबसाइट किंवा यूट्यूब चॅनेल बघायचं. यूएफाच्या स्पर्धांचे भारतातले सध्याचे हक्क २०२७ पर्यंत आहेत आणि प्रीमियर लीगचे २०२८ पर्यंत. त्या उन्हाळ्यांत ग्रुपवर पुन्हा प्रश्न येईल, तेव्हा लीगच्या अधिकृत वेबसाइटवर प्रक्षेपकांची देशवार यादी असते ती उघडा आणि त्यात "इंडिया" शोधा.